सफारीचा बेत : कोणते जंगल, कोणता महिना?

नागझिऱ्याच्या जंगलातील एक तरुण वाघ २०१३ मध्ये शेते, रस्ते आणि नदीनाले ओलांडून उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात दाखल झाला. 'जय' या नावाने तो पुढे इतका गाजला की, नागपूरपासून तासा-दीड तासाच्या अंतरावरील हे छोटेसे अभयारण्य देशभरातील पर्यटकांच्या तोंडी झाले. एप्रिल २०१६ नंतर मात्र जय कोणाला दिसला नाही. गळ्यात रेडिओ कॉलर असूनही त्याचा माग लागला नाही आणि त्याच्यासाठी होणारी गर्दीही पाहता पाहता ओसरली. जंगल तेच होते, पाणवठे तेच होते, चितळांचे कळपही तेच होते. ताडोब्यातही २०२३ च्या पावसाळ्यानंतर 'माया' ही प्रसिद्ध वाघीण दिसेनाशी झाली. त्याच वर्षी सापडलेल्या अवशेषांच्या तपासणीतून तिचा मृत्यू झाल्याचे स्पष्ट झाले.

एखाद्या वाघाचे नाव ऐकून सहलीचा बेत आखणाऱ्यांनी या दोन घटना ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. चौघांच्या कुटुंबाने पुण्या-मुंबईहून विदर्भात येऊन तीन दिवस राहायचे, चार वेळा जंगलात जायचे, तर प्रवास, निवास, जिप्सी आणि गाइड मिळून खर्च काही दहा हजारांच्या घरात जातो. इतका खर्च करून आलेले पर्यटक तिसऱ्या दिवशी 'काहीच दिसले नाही' असे म्हणत परत निघतात, तेव्हा चूक बहुधा जंगलाची नसते. आपल्याला काय पाहायचे आहे, ते कोणत्या जंगलात आणि कोणत्या महिन्यात पाहायला मिळते, याचा विचार निघण्यापूर्वी झालेला नसतो.

महाराष्ट्रात सहा व्याघ्र प्रकल्प आहेत. त्यापैकी सह्याद्री वगळता मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, नवेगाव-नागझिरा आणि बोर हे पाचही विदर्भात आहेत. २०२२ च्या व्याघ्रगणनेत राज्यात ४४४ वाघ असल्याचा अंदाज निघाला. २०१८ मध्ये ही संख्या ३१२ होती. नागपूर हे या सर्व जंगलांचे दार मानले जाते. मध्य प्रदेशातील पेंच आणि कान्हा ही जंगलेही याच शहरातून गाठणे सोयीचे पडते. त्यामुळे विदर्भाची सफारी आखताना राज्याची सीमा फारशी मनावर घेण्याचे कारण नाही. वन्यप्राणी तर ती मुळीच मानत नाहीत.

ताडोबा : दार निवडण्यात शहाणपण

पहिल्यांदाच जंगलात जाणाऱ्या, वाघ पाहण्याची तीव्र इच्छा असणाऱ्या आणि हाती मोजकेच दिवस असणाऱ्या कुटुंबाने ताडोबा निवडावा, यात दुमत होण्याचे कारण नाही. ताडोबा हे राज्यातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान असून ते १९५५ मध्ये घोषित झाले. पुढे त्याला अंधारी अभयारण्याची जोड मिळाली आणि व्याघ्र प्रकल्प आकाराला आला. सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचे गाभा क्षेत्र आणि त्याभोवतीचे बफर क्षेत्र धरून प्रकल्पाचा विस्तार १७२७ चौरस किलोमीटर आहे. साग, ऐन, बांबू, मधूनच गवताळ पट्टे आणि बारमाही पाण्याचे तलाव असे हे जंगल आहे. वाघ येथे तुलनेने अधिक दिसतात, याचे कारण त्यांच्या संख्येत जसे आहे तसे या मोकळ्या पट्ट्यांतही आहे. बोटेझरी, नवेगाव, जामणी यांसारखी गावे गाभा क्षेत्रातून बाहेर हलविण्यात आली. त्यांच्या जुन्या शेतांवर गवत वाढले, गवतामागे चितळ-सांबर आले आणि त्यांच्यामागे वाघ आले. आज जेथे जिप्सी थांबवून छायाचित्रे घेतली जातात, तेथे कधी काळी कोणाची तरी तुरीची शेती होती, हे गाइड सहसा आपणहून सांगत नाहीत. विचारले तर सांगतात.

ताडोब्यात जाणाऱ्यांची सर्वांत मोठी फसगत प्रवेशद्वारांच्या बाबतीत होते. मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी आणि झरी ही गाभा क्षेत्राची दारे आहेत. नकाशावर ती जवळ दिसतात. पण एका दाराजवळून दुसऱ्या दाराकडे जाण्यासाठी जंगलाबाहेरून मोठा वळसा घ्यावा लागतो. निवास मोहर्लीला आणि सफारी कोलाऱ्याहून, अशी नोंदणी करून बसलेल्या पर्यटकांना मग पहाटेच्या अंधारात अनोळखी रस्त्यावर धावपळ करावी लागते. प्रवेशाची वेळ टळली तर पैसे परत मिळत नाहीत. म्हणून सफारी कोणत्या दारातून मिळते ते आधी पाहावे आणि निवास त्याच दाराजवळ घ्यावा. क्रम उलटा केला की अडचण होते. मुंबई-पुण्याकडून रेल्वेने येणाऱ्यांना मोहर्ली चंद्रपूरमार्गे सोपे पडते, तर नागपूरहून मोटारीने निघालेल्यांना कोलारा आणि नवेगाव चिमूरमार्गे गाठता येते. मोहर्लीकडे ताडोबा तलाव आणि जुन्या वाटा आहेत, गर्दीही आहे.

ताडोबा तलावाकाठी एका प्रचंड वृक्षाखाली तारू या आदिवासी देवतेचे स्थान आहे. तारू हा गावाचा प्रमुख होता आणि वाघाशी झालेल्या झुंजीत त्याचा अंत झाला, अशी कथा परिसरातील गोंड समाजात सांगितली जाते. ताडोबा हे नाव त्याच्यावरूनच आले, असे मानले जाते. या तलावात मगरी आहेत. हिवाळ्याच्या सकाळी त्या काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात. वाघाच्या मागे पळणाऱ्या जिप्सीतून मात्र त्या पाहायच्या राहून जातात.

गाभा क्षेत्राची नोंदणी मिळाली नाही म्हणून सहल रद्द करण्याची गरज नाही. आगरझरी, देवाडा, जुनोना, अलीझंझा, रामदेगी, मदनापूर अशा बफर क्षेत्रातील दारांमधूनही सफारी होते. बफर म्हणजे दुय्यम जंगल, हा समज आता मागे पडला आहे. वाघांची पिलावळ वाढली की तरुण वाघांना गाभा क्षेत्रात जागा उरत नाही, ते बाहेर सरकतात आणि बफर क्षेत्रातही चांगले दर्शन घडते. शिवाय येथील उत्पन्नाचा वाटा गावांच्या पदरात पडतो, जिप्सी आणि गाइड गावातीलच असतात. चार सफारींपैकी दोन गाभा क्षेत्रात आणि दोन बफरमध्ये, अशी विभागणी केली तर खिशालाही थोडा आराम मिळतो. मंगळवारी गाभा क्षेत्राची दारे बंद असतात. शनिवार-रविवारचे दर अधिक असतात आणि त्याच दिवशी गर्दीही उसळते. ज्यांना रजा मिळणे शक्य आहे त्यांनी बुधवार ते शुक्रवार हे दिवस धरावेत.

उन्हाळा की हिवाळा?

वाघ पाहायचा असेल तर उन्हाळा, हे उत्तर बरोबर आहे. पण ते पुरते नाही. मार्चपासून साग निष्पर्ण होतो, गवत वाळते, नाले आटतात आणि प्राण्यांचा वावर उरल्यासुरल्या पाणवठ्यांभोवती गोळा होतो. एप्रिल-मे महिन्यांत एखाद्या पाणवठ्यावर तासभर शांतपणे थांबले तर जे दिसते ते डिसेंबरमध्ये तीन दिवस फिरूनही कदाचित दिसणार नाही. मात्र चंद्रपूर-नागपूरचा पारा या दिवसांत ४५ अंशांपुढे जातो. दुपारच्या सफारीला उघड्या जिप्सीत बसायचे म्हणजे भट्टीसमोर बसण्यासारखे असते. साठी ओलांडलेले आई-वडील आणि पाच-सहा वर्षांची मुले सोबत असतील तर मे महिन्याचा हट्ट धरू नये. असा हट्ट धरलेली कुटुंबे पहिल्या दुपारीच हॉटेलच्या खोलीत थांबलेली दिसतात आणि आगाऊ भरलेले पैसे वाया जातात.

नोव्हेंबर ते जानेवारी या काळात जंगल हिरवे, दाट आणि देखणे असते. तलावांवर स्थलांतरित पक्षी उतरतात. पहाटेच्या सफारीत थंडी इतकी बोचते की, धावत्या जिप्सीत कानटोपी, हातमोजे आणि गुडघ्यांवर घोंगडी घेतल्याशिवाय बसवत नाही. मुंबईकर पर्यटक विदर्भ म्हणजे उष्णतेचा मुलूख या समजुतीने एका पातळ जाकिटावर येतात आणि पहिल्याच सकाळी कुडकुडतात. या दिवसांत वाघ दिसतो, पण त्यासाठी धीर लागतो. दाट झाडोऱ्यात तो वाटेपासून वीस पावलांवर बसलेला असला तरी दिसत नाही.

या दोहोंच्या मधला फेब्रुवारी ते मार्चचा पूर्वार्ध हा काळ अनेक जाणकारांच्या आवडीचा आहे. पळस फुललेला असतो, सकाळ सुखद असते, पानगळ सुरू झाल्याने नजर दूरवर पोहोचते. मुलांच्या परीक्षांमुळे कुटुंबांची गर्दीही कमी असते. शाळेला जाणारी मुले नसलेल्या दाम्पत्यांनी आणि निवृत्तांनी हा काळ हातचा घालवू नये.

पावसाळ्यात, म्हणजे १ जुलै ते ३० सप्टेंबर या काळात, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशातील गाभा क्षेत्रे पर्यटनासाठी बंद असतात. ताडोब्याच्या बफर क्षेत्रातील काही दारे पावसाच्या स्थितीनुसार सुरू ठेवली जातात. जंगल या दिवसांत अतिशय सुंदर असते. परंतु रस्ता केव्हा बंद होईल याचा भरवसा नसल्याने लांबून येणाऱ्यांनी हा बेत विचारपूर्वकच करावा.

पेंच आणि कान्हा

पेंच नदीच्या दोन्ही तीरांवर पसरलेले हे जंगल दोन राज्यांत विभागले गेले आहे आणि दोन्हीकडे पेंच याच नावाचा व्याघ्र प्रकल्प आहे. नोंदणी करताना यातही गोंधळ होतो. तुरिया, कर्माझिरी आणि जमतारा ही दारे मध्य प्रदेशची. सिल्लारी, चोरबाहुली, खुर्सापार आणि कोलितमारा ही महाराष्ट्राची. तुरिया सर्वाधिक गजबजलेले आहे. रुडयार्ड किपलिंगच्या 'जंगल बुक'मधील मोगलीचा मुलूख म्हणजे हाच शिवनी परिसर, अशी त्याची ख्याती आहे. 'कॉलरवाली' ही वाघीणही याच बाजूची. आयुष्यभरात २९ बछड्यांना जन्म देऊन ती जानेवारी २०२२ मध्ये वार्धक्याने मरण पावली.

महाराष्ट्राच्या बाजूचा पेंच त्या मानाने शांत आहे. डोंगरउतार, पांढऱ्या खोडाची कांडोळाची झाडे आणि तोतलाडोह धरणाचा विस्तीर्ण जलाशय ही त्याची ओळख. जानेवारी २०२४ मध्ये या प्रकल्पाला आंतरराष्ट्रीय संस्थेकडून 'डार्क स्काय पार्क'चा दर्जा मिळाला. भारतात असा दर्जा मिळविणारे हे पहिलेच ठिकाण होय. आसपासच्या गावांतील दिव्यांचा झोत जमिनीकडे वळविण्यात आल्याने येथील रात्र खऱ्या अर्थाने काळोखी राहते. मुंबईत वाढलेल्या मुलाने आकाशगंगा बहुधा कधी पाहिलेली नसते. अमावास्येच्या आगेमागे हिवाळ्यातील दोन रात्री येथे काढता आल्या तर दिवसा वाघ दिसला नाही याचे फारसे वैषम्य वाटू नये.

नागपूरहून पेंचकडे जाताना जबलपूर महामार्गावर जंगलाच्या पट्ट्यात रस्ता एकाएकी उंच होतो आणि दोन्ही बाजूंना भिंतींसारखे आडोसे लागतात. खालून वन्यप्राण्यांना जाण्यासाठी वाट ठेवण्यात आली आहे आणि वाघांसह अनेक प्राणी तिचा वापर करतात, हे कॅमेऱ्यांनी टिपले आहे. वरून जाणाऱ्यांना त्याची गंधवार्ताही नसते.

कान्हा नागपूरहून पाच-सहा तासांच्या अंतरावर आहे. दोनच दिवस हाती असणाऱ्यांनी तिकडे वळू नये. चार-पाच दिवस असतील तर मात्र कान्ह्याला पर्याय नाही. मंडला आणि बालाघाट जिल्ह्यांत पसरलेले हे सुमारे ९४० चौरस किलोमीटरचे गाभा क्षेत्र म्हणजे सालवृक्षांचे राज्य. साग-बांबूच्या जंगलाला सरावलेल्या वैदर्भीय डोळ्यांना सालाचे हे उंच, दाट, सदाहरित भासणारे वन परके आणि भारावून टाकणारे वाटते. सकाळी धुके उतरलेल्या गवताळ मैदानात बारशिंगांचा कळप उभा असतो, हे दृश्य येथे सहज पाहायला मिळते. कठीण जमिनीवर राहणारी बारशिंगाची ही जात १९७० च्या सुमारास अवघ्या ६६ वर आली होती आणि कान्हा हेच तिचे अखेरचे आश्रयस्थान उरले होते. बारशिंगा मुख्यतः गवतावर जगतो. गवताची मैदाने राखणे, कुंपणबंद जागेत हिंस्र श्वापदांपासून संरक्षण देऊन प्रजनन घडवून आणणे, अशा उपायांनी ही संख्या पुढे अनेक पटींनी वाढली. भारतातील वन्यजीव संरक्षणाच्या इतिहासात यशाच्या ज्या थोड्या कहाण्या आहेत, त्यातील ही एक ठळक कहाणी आहे. वाघ चार जंगलांत पाहता येतो, हा बारशिंगा पाहायचा तर कान्ह्याची वाट धरावी.

खटिया, मुक्की आणि सरही ही कान्ह्याची दारे. शिवनीकडून येणाऱ्यांना खटिया, तर गोंदिया-बालाघाटमार्गे येणाऱ्यांना मुक्की जवळ पडते. मध्य प्रदेशातील या दोन्ही प्रकल्पांत बुधवारी दुपारची सफारी नसते, हे ध्यानात ठेवून मुक्काम ठरवावा.

गर्दीपासून दूर : नागझिरा, नवेगाव, मेळघाट

एकदा ताडोबा पाहून झाला, वाघाची ओढ थोडी शमली की मग ज्या जंगलांकडे वळावे अशी ही ठिकाणे आहेत. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'नागझिरा' या पुस्तकामुळे हे नाव मराठी घराघरांत पोहोचले. भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांतील या जंगलाचे सौंदर्य टेकड्यांच्या कुशीतील तलाव, दाट सावली आणि शांतता यांत आहे. अस्वल, गवा, रानकुत्री यांचे दर्शन घडते. वाघांची संख्या येथे फार नव्हती; म्हणूनच २०२३ आणि २०२४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील वाघिणी येथे आणून सोडण्यात आल्या. जवळच्या नवेगावबांधचा प्राचीन तलाव पक्षिनिरीक्षकांचे आवडते ठिकाण आहे. अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून या परिसरात दीर्घकाळ काम केले. जून २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे लेखन वाचून येथे येणारा पर्यटक तलावाकाठी नुसता बसून राहिला तरी समाधानाने परततो. पिटेझरी, चोरखमारा, मंगेझरी, उमरझरी ही नागझिऱ्याची दारे असून साकोली, गोंदिया किंवा भंडारा येथून तेथे जाता येते.

मेळघाटचा बाजच वेगळा. १९७३ मध्ये देशात व्याघ्र प्रकल्पाची योजना सुरू झाली, तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होते. सातपुड्याच्या डोंगररांगा, खोल दऱ्या, सिपना, खंडू, खापरा, गाडगा, डोलार या तापीकडे धावणाऱ्या नद्या आणि कोरकूंच्या वस्त्या हे येथील चित्र आहे. प्रदेश डोंगराळ, विस्तार मोठा, त्यामुळे वाघ असूनही सहज दिसत नाही. वाघ पाहण्यासाठीच मेळघाटला जाणाऱ्याने आधीच मनाची तयारी करावी. रानगवे मात्र दिसतात आणि पक्षिमित्रांसाठी येथे रानपिंगळा आहे. हे छोटे घुबड नामशेष झाले असे मानले जात होते. १८८४ नंतर त्याची विश्वासार्ह नोंद नव्हती. १९९७ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ ते पुन्हा सापडले आणि त्यानंतर मेळघाटातही त्याचे अस्तित्व आढळले. इतर घुबडांप्रमाणे ते केवळ रात्रीचे नसून दिवसाही वावरते, हे शोधणाऱ्यांच्या सोयीचे आहे.

परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर सेमाडोह, पुढे कोलकास, हरिसाल अशी ठिकाणे लागतात. कोलकासचे विश्रामगृह सिपना नदीच्या वळणावर उंचावर आहे. तेथून दिसणारी संध्याकाळ हे मेळघाटला जाण्याचे पुरेसे कारण आहे. चिखलदऱ्याचे थंड हवेचे ठिकाण आणि गाविलगड, अकोटच्या बाजूने शहानूर आणि नरनाळा किल्ला यांची जोड दिल्यास इतिहासाची आवड असणारेही या सहलीत रमतात.

वर्धा जिल्ह्यातील बोर हा आकाराने लहान प्रकल्प आहे. नागपूरकरांच्या एक दिवसाच्या सहलीसाठी तो उत्तम; लांबून येणाऱ्यांनी तो मुख्य बेत करू नये.

किती सफारी, कोणाकडून नोंदणी?

तीन दिवसांत तीन जंगले, अशी कार्यक्रमपत्रिका अनेक सहल कंपन्या पुढे करतात. तीत निम्मा वेळ रस्त्यावर जातो. एकाच जंगलात चार सफारी करणे केव्हाही श्रेयस्कर. पहिल्या फेरीत वाटा कळतात, दुसऱ्या फेरीत पाणवठ्यांचा अंदाज येतो, तिसऱ्या फेरीपर्यंत गाइडशी ओळख झालेली असते आणि आदल्या दिवशीच्या खुणांवरून आज कोठे थांबावे याचा तर्क तो करू लागतो. नागपूरहून ताडोब्यात तीन रात्री हा एक चांगला बेत. पाच-सहा दिवस असतील तर पेंचमध्ये दोन आणि कान्ह्यात तीन रात्री, कारण ते एकाच दिशेला आहेत. ताडोबा आणि कान्हा एकाच सहलीत घालणे म्हणजे दक्षिणेकडे जाऊन पुन्हा उत्तरेला येणे. त्यात मुलांचे हाल होतात.

सफारीची नोंदणी वन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळांवरूनच करावी. रिसॉर्टमधील खोली घेतली म्हणजे सफारीही मिळाली, असे नाही. या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. 'सफारीसह' अशी जाहिरात असेल तर किती फेऱ्या, कोणत्या दारातून, कोणत्या तारखेला आणि त्या गाभा क्षेत्रात की बफरमध्ये, हे लेखी घ्यावे. अधिकृत संकेतस्थळाशी साधर्म्य असणारी नावे धारण करून पैसे उकळणारेही असतात. नोंदणी व्यक्तीच्या नावाने आणि ओळखपत्राच्या क्रमांकासह होते. तेच ओळखपत्र मूळ स्वरूपात सोबत ठेवावे लागते आणि ऐन वेळी नाव बदलता येत नाही. दिवाळी, नाताळ, होळी आणि मे महिन्यातील जागा काही आठवडे आधीच संपतात. म्हणून आधी सफारी, नंतर निवास आणि शेवटी रेल्वे किंवा विमान, असा क्रम ठेवावा. रेल्वेचे आरक्षण आधी करून बसलेल्यांची हमखास पंचाईत होते.

एका जिप्सीत सहा पर्यटक, सोबत चालक आणि गाइड असतात. काही ठिकाणी मोठी कॅन्टर गाडीही असते. ती स्वस्त पडते, मात्र अरुंद वाटांवर ती जात नाही. कॅमेऱ्याचे वेगळे शुल्क असल्यास त्याची चौकशी आधीच करावी. 'वाघ हमखास दाखवतो' असे जो सांगेल, त्याच्यापासून दूर राहावे.

वाघासमोरचे वर्तन

हे शेवटचे वाक्य केवळ फसवणूक टाळण्यासाठी नाही. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-कऱ्हांडला येथे एक वाघीण आपल्या पाच बछड्यांसह रस्त्यावर असताना पर्यटकांच्या जिप्सींनी दोन्ही बाजूंनी तिची वाट अडविली. चित्रफीत सर्वत्र पसरल्यावर चालक आणि गाइडवर कारवाई झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली. कारवाई जिप्सीचालकांवर झाली हे योग्यच. पण 'आणखी जवळ घ्या' हा आग्रह बहुतेक वेळा मागच्या आसनावरून होत असतो. वाघ दिसला तर जास्त बक्षिसी, हे सूत्र पर्यटकांनीच रूढ केले आहे. ज्या गाइडने वाघ न दाखवता अस्वलाने उकरलेले वारूळ आणि ऐनाच्या खोडावरील नखांचे ओरखडे दाखविले, त्याला बक्षिसी देणारा पर्यटक विरळा.

२०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटनावर काही महिने बंदी घातली होती. त्यानंतर आलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार गाभा क्षेत्राच्या २० टक्क्यांपेक्षा अधिक भाग पर्यटनासाठी वापरता येत नाही. उरलेल्या भागात काय आहे, हे पाहण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे. पण तेथे गाडी न्यायला गाइडने नकार दिला तर त्याच्याशी वाद घालू नये. मोबाइल संच गाभा क्षेत्रात वापरता येत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसे निर्देश दिले. महाराष्ट्रातील जंगलांत तो प्रवेशद्वारावरच जमा करावा लागू शकतो. फोनच्या कॅमेऱ्यावर विसंबून येणाऱ्यांनी साधा कॅमेरा किंवा दुर्बीण सोबत आणावी. दुर्बीण अधिक उपयोगी. एकाच कुटुंबात ती दोन असल्यास भांडणे होत नाहीत.

भडक रंगांचे कपडे, अत्तर, मोठ्याने बोलणे, गाडीतून उतरणे, खाऊची वेष्टने टाकणे या गोष्टी वर्ज्य आहेत, हे सांगण्याची गरज पडू नये. सांगावी लागते. चितळाचा किंवा वानराचा इशारा ऐकू आला की गाइड गाडी थांबवितो आणि हात वर करतो. त्या क्षणी सगळ्यांनी गप्प राहिले तर सांबराची हाकही ऐकू येते. चितळ कधी कधी चुकतो, सांबर सहसा चुकत नाही, असे गाइड सांगतात.

जंगलाच्या कडेला राहणाऱ्यांसाठी वाघ ही सुटीतील मौज नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचण्यासाठी आणि मे महिन्यात तेंदूपाने तोडण्यासाठी गावकरी पहाटे रानात शिरतात. चंद्रपूर जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्यांत माणसे दगावल्याच्या बातम्या याच दिवसांत वारंवार येतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोब्याच्या कोलारा परिक्षेत्रात व्याघ्रगणनेच्या कामावर पायी निघालेल्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. ज्या वाटेवरून पर्यटक जिप्सीत बसून जातात, त्याच जंगलात वन कर्मचारी रोज पायी गस्त घालतात. गावातील घरगुती निवासात उतरणे, तेथील खानावळीत झुणका-भाकर खाणे, गावातील बचत गटाच्या वस्तू घेणे, यातून सहलीचा काही पैसा तरी या माणसांच्या हाती पडतो. निवासाची निवड करताना हाही विचार करावा.

ज्यांना जिप्सीच्या धुरळ्याचा कंटाळा आला आहे, त्यांच्यासाठी आणखी एक मार्ग आहे. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याजवळील मचाणावर बसून प्राणी पाहण्याचा 'निसर्गानुभव' हा उपक्रम वन विभाग राज्यातील जंगलांत राबवीत आला आहे. जागा मर्यादित असतात आणि त्या वर्षीच्या सूचना एप्रिलच्या सुमारास निघतात. रात्रभर न बोलता, न खोकता बसण्याची तयारी हवी. पाण्याच्या दोन बाटल्या, सुका खाऊ, पांघरूण आणि डासांसाठी मलम बरोबर घ्यावे. मचाणावर चढल्यावर सकाळपर्यंत खाली उतरता येत नाही, याची कल्पना सोबतच्या मंडळींना आधीच द्यावी.